त्या दुपारी मोजणी पडली

आमचे हे आयुष्यभर डोळ्यांना न दिसणारं काहीतरी मोजत आले. ताऱ्यांपलीकडून येणारे वैश्विक किरण म्हणे. घराच्या मागेच मोजणीची खोली: शिशाच्या जाड कवचात ठेवलेल्या सहा नळ्या आणि पडद्यावर सरकणारी एक रेघ. लग्नानंतर कळलं, मला एक नाही, चांगल्या सहा सवती आहेत.

त्या दिवशी मात्र माझाही जीव त्या रेघेला टांगलेला होता. लेक विमानात होती. हवाई सुंदरीची नोकरी, पोटात तिसऱ्या महिन्याचं बाळ, आणि कंपनीला अजून सांगितलेलं नाही. एवढी एक फेरी करते म्हणाली. दोन दिवसांपूर्वी सूर्यावर मोठा भडका उडाला होता. पुन्हा तसाच उडून त्याचे कण इकडे आले, तर रेघ चढणार आणि उंचावरच्या विमानाला त्यांचा मारा जास्त. हे सकाळीच मला म्हणाले, तिला अडव. स्वतः कसं सांगणार? बापलेकीचा अबोला होता. मागे रेघ चढली म्हणून ह्यांनी थेट विमान कंपनीला फोन लावला, विमान खोळंबलं, आणि निघालं काय, तर वायरीत शिरलेली ओल! सगळ्यांसमोर पोरीची शोभा झाली. आता मी सांगायला गेले, तर म्हणते, आधी त्यांच्या नळ्या वाळत घाल म्हणावं.

दुपारी चहा घेऊन गेले, तर हे घामाघूम. रेघ चढली नव्हती, घसरत होती. मी म्हटलं, मग बरंच की, किरण कमी झाले.

"यंत्रच मेलं असेल तर?" हे म्हणाले. "मग चढ आला तरी आपल्याला दिसणार नाही."

ह्यांनी फोन उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. केला तर पुन्हा हसं, आणि नाही केला तर? शेवटी फोन माझ्या हातात कोंबून ते यंत्राकडे वळले. हवेचा दाब वाढला की मोजणी कमी भरते. तो होता तसाच होता. वीजपुरवठा ठीक. वायरी बोटांनी चाचपल्या, कोरड्या ठणठणीत. मग एकेक नळी वेगळी तपासायला घेतली. एकच पडली असेल तर दोष नळीचा, सगळ्या सारख्या पडल्या असतील तर आकाशाचा. पहिली पडलेली. दुसरी तेवढीच. मी देवाचं नाव घेत राहिले. सहावीही तेवढीच निघाली, तेव्हा हे खुर्चीत टेकले.

यंत्र जिवंत होतं. त्या भडक्याबरोबर निघालेला चुंबकीय ढग आता पृथ्वीवर पोचला होता आणि लांबून येणारे किरण वाटेतच परतवत होता. सूर्यावरच्या ज्या वादळाला मी सकाळपासून शिव्या घालत होते, तेच लेकीवर छत्री धरून होतं. तरी नवा भडका उडणारच नाही असं कोण सांगणार? विमान उतरेपर्यंत आम्ही दोघं रेघेसमोरून हललो नाही. ती खालीच राहिली.

फोन मलाच आला. उतरले, म्हणाली. वैमानिकाने वादळाचं सांगितलं तेव्हापासून तिचा हात पोटावरून निघाला नव्हता. मग म्हणाली, "आई, त्यांना विचार ना, आज मोजणी काय होती?"

मी विचारलं. हे फोनजवळ सरकले.

"कमी," म्हणाले. "रोजच्यापेक्षाही कमी. सांग तिला."

मी सांगायला तोंड उघडलं.

"ऐकलं मी," ती म्हणाली. "बाबांकडे दे फोन."