सुमनमावशींचा फोन ब्लॉक केला, त्याची गोष्ट

चाकणच्या एका कंपनीच्या गेटवर चौदा फिटर उभे होते आणि जागा एकही नव्हती. भरती आठवड्यापूर्वीच संपलेली. एचआरवाल्यांनी तडक शुभांगीताईंना फोन लावला. "पुन्हा असं झालं तर आमच्या जाहिराती तुमच्याकडे बंद."

शुभांगीताई भोसरीतून कामगारांसाठी नोकऱ्यांची वेबसाइट चालवतात. तिची तांत्रिक बाजू मी बघतो. आम्ही ती जाहिरात वेळेवर काढली होती. पण दुसरी एक साइट बॉट लावून आमचा सगळा माल उचलायची. बॉट म्हणजे आपोआप पानं उघडून मजकूर कॉपी करणारा प्रोग्रॅम. भरती संपली तरी ते जाहिरात काढायचे नाहीत, आणि खाली नाव आमचंच.

"निखिल, कंपन्या गेल्या तर साइट गुंडाळावी लागेल," ताई म्हणाल्या.

मला वाटलं, हा तर डाव्या हातचा मळ. एका फोनवरून किंवा कॉम्प्युटरवरून तासात तीसच्या वर जाहिराती उघडल्या की तो ब्लॉक. नियम लावला आणि खुशाल झोपलो.

सकाळी ताईंचा फोन. "तू सुमनमावशींना ब्लॉक केलंस."

"कोण मावशी?"

"मेस चालवतात. जाऊन माफी माग."

गेलो. नाश्त्याला वीसेक कामगार, आणि सगळ्यांची नोकरी मावशींच्या एकाच फोनवर शोधली जाते. कुठल्या कंपनीची बस येते, कुठे ओव्हरटाइम खरा मिळतो, हे त्यांनाच ठाऊक.

"का रं, मी चोर हाय व्हय?" मावशींनी विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फोन सुरू करून दिला आणि बघत बसलो. मावशी फोन हातात घेतलेल्या पोराला सांगत होत्या, "ही न्हाई, लांब पडतीया. मगाचची काढ. आता ती पहिली परत दाव." मावशी एकच जाहिरात चारदा उघडायला लावत होत्या. बॉट असं करत नाही. तो ओळीने जातो, समोर येईल ते उचलतो, मागे वळून बघत नाही.

मग नियम काढला आणि सापळा लावला. पानावर एक लिंक ठेवली, माणसाला न दिसणारी. बॉट डोळ्यांनी बघत नाही, कोड वाचतो, म्हणून तो तीही उघडतो. उघडली की बाहेर. इंटरनेटचा पत्ता बदलून आला, पुन्हा अडकला. चौथ्या दिवसापासून त्या साइटवर आमची एकही नवी जाहिरात गेली नाही.

चाकणची कंपनी टिकली. त्याच महिन्यात मेसमधले दोघे तिथे फिटर म्हणून लागले. मला फार बरं वाटलं.

अकरा वर्षं मी वेबसाइट सांभाळतोय. ती वापरताना माणूस मात्र त्या मेसमध्ये पहिल्यांदा बघितला.