बुटाची गाडी

रशीद गेल्याचा फोन आला तेव्हा मी त्याच्यावर चिडलेलो होतो. रविवारी दौंडला येतो म्हणाला आणि आलाच नाही. सोमवारी सकाळी फोन वाजला, तसा दोनचार शिव्या जिभेवर तयार ठेवूनच मी तो उचलला. पलीकडे त्याची बायको, मुमताजवहिनी. "भाऊ, तुमचा दोस्त गेला ओ…" एवढंच बोलल्या. शिव्या घशातच राहिल्या. मिळेल ती एसटी धरून शिरूर गाठलं, त्याला मूठभर माती दिली आणि परत आलो. पण खरं सांगतो, रागही सोबतच आला. सांगून न येणं हे रशीदचं वागणंच नव्हतं.

आम्ही दोघं दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेलो. माझे वडील मेंढरं सोडून लोको शेडात लागलेले, त्याचे अब्बा तिथंच फिटर. आमच्या ओळीच्या टोकाला एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हरसाहेब राहायचे. ते कायमचे परदेशी निघाले तेव्हा कपाटातली एक प्लॅस्टिकची गाडी मला देऊन गेले. गाडी कसली, जुना बूट! बुटात जिथं नडगी जाते तिथं मोटारीचं उघडं इंजिन, दोन्ही अंगांनी धुराच्या नळ्या, पुढं बारकी चाकं आणि मागं ही धिप्पाड. साहेबांनी सुटे भाग चिकटवून ती स्वतः बांधली होती. दुसऱ्याच दिवशी रशीदनं ती पळते का बघायला प्लॅटफॉर्मच्या उतारावर सोडली. चाकं चिकटवलेली, फिरणार कशी? गाडी घसरली, उलटली आणि हमालाच्या ढकलगाडीखाली तिचा चुरा झाला. "चाकं फिरत न्हाईत, मंग गाडी कसली ती?" हे वर त्यानं मलाच ऐकवलं.

ते मी चाळीस वर्षं विसरलो नाही आणि त्यालाही विसरू दिलं नाही. त्याच्या निकाहात सासऱ्यांना म्हटलं, "जावयाच्या हातात गाडी देऊ नका." पुढं त्यानं शिरूरला नगर रोडवर ट्रक रंगवायचं गॅरेज टाकलं आणि लांबलांबचे ड्रायव्हर त्याच्याकडं नंबर लावायला लागले. तरी माझं एकच पालुपद, "साऱ्या जगाच्या गाड्या नीट करतोस, माझी तेवढी राहिली." तो हसायचा. एकदा मात्र हसला नाही. रंगाचा डबा ढवळत म्हणाला, "लागतंय रं ते." माझी जीभ तरीही थांबली नाही, आता काय सांगू!

मग पाचेक वर्षांपूर्वी अमेरिकेला गेलेला माझा पुतण्या सुट्टीला आला आणि एक खोका घेऊन आला. खोक्यावर तोच बूट! ती बनवणाऱ्या कंपनीनं जुन्या साच्यातून तीच गाडी पुन्हा काढली होती, सुट्या भागांतच. खोका घेऊन मी तडक शिरूर गाठलं. रशीदनं हात साबणानं धुतले, मगच झाकण उघडलं.

"तूच बांध," तो म्हणाला.

"मोडली कुणी?"

"म्या."

"मग?"

"आन् पुन्यांदा मोडली तर?"

"तर दौंडात पाऊल टाकायचं नाही." मी बोललो ते थट्टेत. त्यानं मनावर घेतलं.

दोन आठवडे त्यानं गॅरेज आपल्या पुतण्यांवर सोडलं. प्लॅस्टिकच्या चौकटीत जडलेला एकेक भाग कापून काढायचा, कडा घासायच्या, काडीच्या टोकानं गोंद लावायचा. बूट सांधला. आता रंग. आणि रंगाआधी पत्र्यावर थिनरचा फडका मारायचा, ही उभ्या जन्माची सवय… हात आपसूक गेला. पत्र्याला काही होत नाही. प्लॅस्टिक विरघळलं. बुटाचं नाक खचून आत गेलं.

फोनवर एकच शब्द आला, "मोडली."

दुसऱ्या दिवशी गेलो तर गडी पाठ करून बसलेला. आयुष्यात पहिल्यांदा मी टोमणा मारला नाही. म्हटलं, "जाऊ दे, दुसरी मागवू." तो म्हणाला, "दुसरी नगं. हीच." बराच वेळ तो उरलेल्या रिकाम्या चौकटींकडं बघत राहिला. मग एकदम उठला. "थिनरनं प्लॅस्टिक इरघळतंय न्हवं? मंग त्येचीच पुट्टी करायची!" चौकटीचे बारीक तुकडे करून बाटलीत थिनरमध्ये टाकले. दुसऱ्या दिवशी दाट लापशी तयार. ती ब्लेडनं नाकावर चढवली, वाळवली, वॉटर पेपरनं घासली. काट्यानं काटा काढला पठ्ठ्यानं! खोक्यात ज्वाळांचे स्टिकर होते, ते बाजूला सारून म्हणाला, "ह्ये रेडियमवाल्यांचं काम." आणि खारीच्या केसांच्या ब्रशानं तांबड्यापिवळ्या ज्वाळा अशा ओढल्या, की बघत राहावं. टाचेवर बारक्या अक्षरात लिहिलं : शिरूर–दौंड.

लाकडी पेटी मांडीवर घेऊन तो एसटीनं माझ्याकडं आला. गाडी टेबलावर ठेवली, बोटानं ढकलली. चारही चाकं फिरली! अख्खं टेबल ओलांडून गाडी थेट माझ्या तळहातावर आली.

"आता बोल," तो म्हणाला.

"काय बोलू?"

"चाळीस वर्सं बोलतुयास त्येच बोल की!"

मी गाडी उलटी करून चाकं फिरवून बघितली. म्हटलं, "रशीद, गाडी नीट झाली रे." त्यानं टेबलावर अशी थाप मारली आणि असा हसला, की शेजारीपाजारी काय झालं म्हणून धावत आले. त्या सगळ्यांसमोर त्यानं मला तेच वाक्य तीनदा म्हणायला लावलं.

तेव्हापासून महिन्याच्या पहिल्या रविवारी तो यायचा आणि त्याच ब्रशानं गाडीवरची धूळ झाडायचा. मला हात लावू द्यायचा नाही. "तुझा फडका नगं. नळ्या मोडशील."

गेल्या महिन्यात त्याच्या चाळिसाव्याला गेलो होतो. वहिनींनी कागदात गुंडाळलेलं काहीतरी हातात दिलं. म्हणाल्या, "त्या रविवारी कापडं घालून निघालेच हुते. दारात छातीत कळ आली, पित्त असंल म्हनून पडून राहिले, पहाटं गेले. ह्यो खिशात हुता." उघडलं, तर ब्रश.

म्हणजे तो येतच होता.

काल पहिला रविवार. नळ्यांमधली धूळ ब्रशानं हलकेच झाडली, फडका लावला नाही. मग गाडी टेबलाच्या एका टोकाला ठेवून बोटानं ढकलली, आणि लगबगीनं पलीकडं जाऊन हात धरला. आली, बरोबर तळहातावर आली. मी मोठ्यानं म्हटलं, "रशीद, गाडी नीट आहे." आणि त्याच्या हिशेबानं आणखी दोनदा म्हटलं.