वाचल्याशिवाय बोलायचं नाही

आमच्या वाचन मंडळाच्या वहीच्या पहिल्या पानावर एकच नियम लिहिलेला आहे, आणि तो माझ्या अक्षरात आहे: वाचल्याशिवाय बोलायचं नाही. महिन्यातून एका रविवारी दुपारी चार वाजता, विहाराच्या मागच्या खोलीत आम्ही दहा-बारा जण जमतो आणि एका पुस्तकावर बोलतो. नियम करायला कारण होतं. सुरुवातीला लोक मोबाइलवर कुणीतरी लिहिलेले चार ओळींचे अभिप्राय वाचून येत आणि छातीठोकपणे बोलत. मला त्याचा संताप यायचा. अजूनही येतो. न वाचता पुस्तकाला नावं ठेवणं म्हणजे आरोपीला न ऐकता शिक्षा सुनावणं, असं मी तेव्हा उभी राहून सांगितलं होतं. टाळ्याही पडल्या होत्या.

मी वाढले ती पुस्तिकांवर. बाबा छापखान्यात बाइंडर. दसऱ्याला दीक्षाभूमीच्या रस्त्यावर स्टॉल लागतात, तिथून ते पिशवीभर सोळा पानी, बत्तीस पानी पुस्तिका आणायचे आणि वर्षभर पुरवून पुरवून वाचायचे. संध्याकाळी ते मोठ्यानं वाचत आणि आई, आत्या आणि मी ऐकत असू. वाचून झालं की प्रत्येकानं सांगायचं, काय पटलं आणि काय नाही पटलं. नुसतं 'चांगलं आहे' चालायचं नाही. सात वर्षांची असताना एका हुंडाविरोधी पुस्तिकेवर मी 'लिहिणारा ओरडते खूप' असं मत दिलं होतं. बाबांनी ते आठवडाभर गल्लीत सांगितलं.

पुढे मी स्वतः वाचायला लागले तेव्हा माझ्या एक गोष्ट लक्षात आली. पुस्तिकेच्या पहिल्या पानावर काय चुकलंय ते असतं आणि शेवटच्या पानावर काय करायचं ते असतं. मधली उदाहरणं बहुतेक ओळखीची असत, म्हणून मधली पानं मी भरभर उलटायचे. हातात पेन्सिल, आणि डोळे खूण करण्याजोगं वाक्य शोधत. कादंबऱ्याही मी अशाच वाचत आले, हे मला या वर्षापर्यंत कळलं नव्हतं.

आत्या बाबांची धाकटी बहीण, आमच्याच घरी राहते. शाळा चौथीत सुटली. बसची पाटी, औषधाची चिठ्ठी ती झटकन वाचते, पण लांबलचक मजकूर आला की तिचं डोकं दुखतं. धंतोलीतल्या दवाखान्यांत ती रोग्यांजवळ दिवसभर बसण्याचं काम करते. घरच्यांना जमत नाही ते सगळं तिच्याकडे: भरवणं, पुसणं, कुशीवर वळवणं. मागच्या वर्षी काटोलकडची एक म्हातारी बाई तिच्याकडे होती. त्या बाईच्या नातीनं आजीसाठी मोबाइलवर पुस्तकं लावून दिली. आजी ऐकता ऐकता झोपायची, पुस्तक चालूच राहायचं, आणि आत्या ऐकत राहायची. पुढे नातीनं आत्याच्याच मोबाइलमध्ये ते सगळं घालून दिलं. आता ती एकाच कानात वायर घालते. "एक कान पेशंटचा, एक माहा," असं म्हणते.

त्या महिन्यात आमचं पुस्तक होतं एका सिमेंट कारखान्यातल्या संपावरची कादंबरी. अठरा महिने संप चालवणारा पुढारी शेवटी मान खाली घालून कामावर परत जातो. मी त्यावर वीस मिनिटं बोलले. ही कादंबरी म्हणजे कामगारांशी दगाबाजी आहे, लेखकाला संपाची सहानुभूती हवी पण संपाची बाजू नको, असं बरंच काही. आमच्यातले सर्वांत वयस्कर, निवृत्त शाळामास्तर, ज्यांना आम्ही सर म्हणतो, ते होकारानं मान डोलवत होते. मला फार बरं वाटत होतं.

दाराजवळ आत्या बसली होती. त्या दिवशी तिला सुट्टी होती म्हणून ती पहिल्यांदाच आली होती. तिनं हात वर केला.

"मी बोलू का?"

"आत्या, तू वाचलं नाहीस ना."

"ऐकलं ना पूर्न. दोनदा."

"ऐकणं म्हणजे वाचणं नव्हे," मी म्हणाले आणि वहीकडे बोट केलं. "नियम आहे."

कुणीतरी हसलं. आत्याही थोडं हसली. "बरं," म्हणाली, आणि पिशवी मांडीवर घेऊन शेवटपर्यंत बसून राहिली.

घरी पायी जाताना मीच म्हटलं, "रागावलीस का?"

"काहून रागावू? तू मोठी मानूस झाली." चार पावलं गेल्यावर थांबली. "पन एक सांग मले. तुह्या बापानं पुस्तकं वाचली तवा वाचनारा एकच होता का नाही? आम्ही साऱ्या ऐकतच होतो. तू बी. सात वर्साची असताना मत देत होती. तवा कोनी म्हनलं का तुले, ऐकलं म्हनून बोलू नको?"

मी विचारलं, "काय सांगायचं होतं तुला?"

"आता नाही. तिथं सांगायचं होतं, तिथंच सांगीन. नाही तर नाही सांगत."

म्हणजे प्रश्न आता एवढाच होता: पुढच्या बैठकीत आत्या बोलेल की नाही. आणि तो माझ्या नियमावर अडला होता.

मी बुटीबोरीला एका कारखान्याच्या ऑफिसात काम करते. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता बराच वेळ मिळतो. आत्याकडून मागून घेऊन तीच कादंबरी मी कानात लावली. खरं सांगायचं तर तिला चुकीचं ठरवायलाच लावली. ऐकण्यात माणूस आळशी होतो, वाचणारा आवाज आपल्या वतीनं विचार करतो, ही माझी मतं तयारच होती.

चौथ्या दिवशी एक प्रकरण आलं जे मला अजिबात आठवेना. पुढारी कित्येक महिन्यांनी दिवसभर घरी आहे. संपभर अंथरुणाला खिळलेली आणि पुढे त्यातच मरणारी बायको पाणी मागते, आणि घरात पेला कुठे असतो हे त्याला माहीत नाही. तो शोधत राहतो. बस्स, एवढंच. मला वाटलं, हे पुस्तकात नसणारच. घरी येऊन पाहिलं. होतं. बावीस पानं, माझ्या पेन्सिलीची एकही खूण नसलेली, कोरी करकरीत. मी ती उलटली होती. आणि तो स्वतःच्याच घरात किती परका झालाय हे दाखवणाऱ्या त्या पेल्याशिवाय त्याचं शेवटी कामावर परत जाणं कळूच शकत नव्हतं. कानातलं पुस्तक मला उलटता येत नव्हतं, म्हणून ते मला भेटलं.

पुढच्या बैठकीला आत्यानं सुट्टी मागून घेतली. नवीन पुस्तकावर बोलण्याआधी मी उभी राहिले आणि सांगितलं की मागच्या महिन्यात मी बावीस पानं न वाचता बोलले. नियमाप्रमाणे मला बोलायचा अधिकार नव्हता आणि आत्याला होता. मला चुका कबूल करायची सवय नाही, दुसऱ्यांच्या दाखवायची आहे.

सर चष्मा पुसत म्हणाले, "म्हणजे, नियम करणारीच नियमात सापडली." मग आत्याकडे वळून, "बोला बाई."

आत्या उभी राहिली नाही. बसल्या जागेवरूनच बोलली.

"दोन गोष्टी आहेत. पयली, ती बाई अठरा महिने पलंगावर आहे. तिचं अंथरून कोन बदलवते? तिले कुशीवर कोन वळवते? सारं पुस्तक ऐकलं, कोनाचं नाव नाही. आन मरते कशी, तर फुलासारखी. अठरा महिन्यांत पाठीले जखमा पडतात, वास येते. कोनीतरी ते रोज केलं असंल ना? ज्यानं लिवलं त्याले कारखान्यातले कामगार दिसले. ते काम करनारी नाही दिसली. ती कामगार नाही का?"

कायद्याचं शिकणारी एक मुलगी होती, तिनं वहीत काहीतरी लिहून घेतलं.

"आन दुसरी?" सरांनी विचारलं.

"दुसरी पुस्तकाची नाही, मोबाइलमधल्या वाचनाऱ्याची. तो मानूस वाचते चांगला. पन त्या कँटीनमधली बाई आली, जे आपल्यावानी बोलते, का तो आवाज बदलवते. नाकातून काढते. तिचा पोरगा मेला हे सांगून राहिली तवा बी तसाच. मले हसू नाही आलं."

मला आलं होतं. बसमध्ये, खिडकीकडे तोंड करून मी हसले होते. ती बाई मले-तुले करत बोलत होती, माझ्या आईसारखी, आत्यासारखी, आणि मी हसले होते. कागदावर त्या ओळी वाचताना आवाजातली ही थट्टा मला कळायला मार्गच नव्हता, आणि ऐकताना कळायला हवं होतं तर कळलं नाही. हे मात्र मी त्या दिवशी बैठकीत सांगितलं नाही. इथे सांगते आहे.

कायद्याची मुलगी म्हणाली, "पण शेवट चुकीचाच आहे ना, मावशी? संप असा मोडतात का?"

"असंल चुकीचा. हिले बी तसंच वाटते," आत्या माझ्याकडे पाहून म्हणाली. "वाटू दे. पूर्न वाचून वाटू दे."

मला अजूनही तो शेवट चुकीचाच वाटतो. आता का वाटतो ते मात्र वेगळं सांगावं लागेल.

मी वही उघडली आणि नियम खोडते म्हणाले. आत्याच नको म्हणाली. "नियम चांगला आहे. त्यानंच तू पकडल्या गेली." मग पुढच्या महिन्याचं पुस्तक ठरलं, एका सफाई कामगार बाईचं आत्मकथन. आत्यानं विचारलं, "हे मोबाइलवर आहे का?" मुलीनं शोधलं. नव्हतं.

"मी वाचीन तुला," मी म्हणाले.

"मधलं गाळशील."

"नाही गाळत."

तेव्हापासून आत्या कामावर निघण्याआधी, सकाळी, अर्धा तास आम्ही स्वयंपाकघरात बसतो. ती भाजी निवडते, मी वाचते. पेन्सिल घेत नाही. तरी एकदा सवयीनं एक परिच्छेद सुटलाच, आणि ती खाली मान घालूनच म्हणाली, "मागं जाय."

तिसऱ्या दिवशी पुस्तकात पहिल्यांदा त्या बाईची आई बोलली, अगदी आमच्याकडच्या बोलीत. मी थांबले. हे कुठल्या आवाजात वाचायचं असतं? आत्यानं मेथीतून नजर वर केली आणि माझ्याकडे पाहत राहिली. मी आमच्या घरात बोलतो तसं वाचलं, ना जास्त ना कमी. ती पुन्हा मेथी निवडायला लागली.