नवऱ्याच्या लग्नाची डिस्क

दिपालीला न्याय नको होता. न्याय हा वकीलबाईंचा शब्द. दिपालीला सूड हवा होता, आणि ती ते कुणापासून लपवतही नव्हती. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेलच्या कारखान्यात ती शिलाई मशीनवर बसायची, टॉवेलांच्या कडा दुमडायची. शेजारच्या मशीनवरच्या ईरम्मानं कधी विचारलंच, बाई गं, आता पुढं काय, तर मान वर न करता सांगायची, त्याला आत घालणार. ईरम्माला वाटायचं, रागात आहे, होईल थंड. कसली थंड होतेय! वर्ष उलटलं तरी नवऱ्याचं नाव निघालं की तिच्या मशीनची सुई तुटायची.

नवरा इंद्रजीत, शेळ्या-मेंढ्यांचा व्यापारी. चार दिवस माहेरी जाऊन ये म्हणून त्यानं तिला गोडीगुलाबीनं होटगीला धाडलं आणि तेवढ्यात दुधनीला जाऊन दुसरीच्या गळ्यात मंगळसूत्र बांधलं. घटस्फोट नाही, कागद नाही, बायको जिवंत आणि धडधाकट! सासरची माणसं तर इतकी निगरगट्ट की विचारलं तर म्हणायची, लग्न कसलं, वास्तुशांत होती. मांडव वास्तुशांतीचा, वाजंत्री वास्तुशांतीची, मग मुंडावळ्याही वास्तुशांतीच्याच का हो? अख्खी भावकी पोटभर जेवून आली आणि अख्ख्या भावकीनं तोंडाला कुलूप लावलं.

पण ईरम्मा मूळची दुधनीची. तिनं भाचीकरवी त्या लग्नाचं सगळं शूटिंग पेन ड्राइव्हवर मिळवलं. दिपालीनं मंगळसूत्राचा भाग तेवढा बघितला, इंद्रजीत हसताना दिसला आणि तिनं कंप्युटर बंद केला. पुढचं बघायची तिची छाती झाली नाही.

वकीलबाईंनी मात्र दोन गोष्टी मागितल्या. पेन ड्राइव्हवर कुणीही बोट ठेवील, म्हणून शूटिंग एकदा लिहिल्यावर पुसता न येणाऱ्या डिस्कवर हवं, आणि ज्या कंप्युटरवर नक्कल केली त्याच्या मालकाची सही हवी. दुसरं म्हणजे, त्या मांडवात हजर असलेला आणि कोर्टात तसं सांगणारा एक तरी माणूस हवा. नुसत्या शूटिंगवर विसंबू नका, असं त्यांनी बजावलं. माणूस कुठून आणायचा? निदान डिस्क तरी आपल्या हातची, असं दिपालीनं ठरवलं.

डिस्क लिहून द्यायला दुकानं आहेत, पण कोर्टासाठी सही म्हटलं की दुकानदार कोपरापासून हात जोडायचे. मग राहिला तिचा स्वतःचा कंप्युटर. लग्नाआधी टायपिंगची कामं घ्यायला पगारातून घेतलेला. सासर सोडताना तिनं भांडी सोडली, कपाट सोडलं, पण हा डबा रिक्षात मांडीवर घेऊन भाड्याच्या खोलीवर आली. जुना होता, पण चालायचा. फक्त त्यात डिस्क लिहिणारा ड्राइव्ह नव्हता. तोंडाशी त्याची जागा तेवढी होती, प्लास्टिकच्या झाकणानं बंद केलेली.

ते काम तिनं भावाकडं सोपवलं. दुसऱ्या कुणाकडं सोपवणार? शहाजीदादा तिच्याहून मोठा. होटगीला स्टेशनजवळ त्याचं सीडी भाड्यानं द्यायचं दुकान होतं, डिस्क लिहिण्यात त्याची निम्मी जवानी गेलेली. दुकान बसल्यावर तो इंद्रजीतबरोबर शेळ्यांच्या व्यापारात भागीदार झाला होता, पण दुधनीचा प्रकार कळल्यावर, त्या हलकटाचं तोंड बघणार न्हाय, असं म्हणून त्यानं भागी मोडली. निदान दिपालीला त्यानं तसं सांगितलं होतं.

दादानं पहिला ड्राइव्ह आणला तो नुसता वाचणारा, लिहायचा पत्ता नाही. दुसरा आणला त्याला चपटी रुंद पट्टी लागायची, तसली खाच दिपालीच्या कंप्युटरात नव्हतीच. तिसरा आणला तो लॅपटॉपचा, पापडासारखा पातळ. दर वेळी मध्ये महिना-दीड महिना जायचा आणि दर वेळी दादा म्हणायचा, आता ही यंत्रं कुणी वापरत न्हाय गं, सोड की नाद, तडजोड कर, चार पैसे घे आणि मोकळी हो. दिपालीला वाटायचं, दादा भोळा, व्यापाऱ्यांनी गंडवला असेल. डिस्कवर पोट भरलेला माणूस, त्याला ड्राइव्हची पाठ बघून कळू नये? पण भाऊ म्हटलं की बाईच्या डोळ्यांवर झापड येते, ती अशी.

शेवटी वकीलबाईंनी निरोप धाडला, पुढच्या तारखेला डिस्क नसेल तर माझाही नाइलाज आहे. तेव्हा दिपालीनं कारखान्यातून अर्धा दिवस सुट्टी काढली आणि कंप्युटर रिक्षात घालून नव्या पेठेत गेली. तिथं एका बोळात संगमेशचं जुन्या कंप्युटरचं दुकान होतं. बाई डीव्हीडी रायटर मागतेय म्हटल्यावर त्यानं चष्मा वर केला. बाहेरून लावायचा घ्या, वायर जोडली की झालं, असं त्यानं सुचवलं. दिपालीनं साफ नाही म्हटलं. उद्या त्यांचा वकील म्हणेल, यंत्र कुणाचं होतं, कुठून आणलं होतं. माझ्या कंप्युटरच्या पोटात बसवा, चार स्क्रू मारून. मग संगमेशनं माळ्यावरून खोकं काढलं, धूळ फुंकली आणि तिच्या कंप्युटरला बसणारे दोन ड्राइव्ह पुढं ठेवले.

एक दिसायला कोरा करकरीत, दुसरा पिवळा पडलेला. दिपाली म्हणाली, दोन्हीवर एकेक डिस्क लिहून दाखवा. कोऱ्यानं झटक्यात लिहिली, पण ती दुकानातल्या दुसऱ्या कंप्युटरवर चालेना, मध्येच अडकायची. पिवळ्यानं रडतखडत लिहिली, पण ती सगळीकडं वाजली. संगमेश म्हणाला, हाच घ्या, आणि लिहिताना वेग कमीत कमी ठेवा, कोर्टातला कंप्युटर ह्याच्याहून म्हातारा असणार. मग त्यानं सहज विचारलं, काय लिहायचंय एवढं?

"लग्नाचं शूटिंग."

"तुमच्या?"

"माझ्या नवऱ्याच्या," दिपाली म्हणाली. संगमेशनं स्क्रू मारून दिले आणि वर दोन कोऱ्या डिस्क फुकट घातल्या.

सुट्टीच्या दिवशी दुपारी तिनं डिस्क लिहिली. ड्राइव्ह घरघरत होता आणि ती समोर बसून होती, चूल सोडून, जेवण सोडून. डिस्क बाहेर आली. वकीलबाईंनी सांगितलं होतं, पहिल्यापासून शेवटपर्यंत लावून बघा, मध्ये कुठं अडकली तर उपयोग नाही. म्हणजे जे वर्षभर टाळलं ते आता बघणं आलं. दात-ओठ खात तिनं बघितलं. हळद बघितली, अक्षता बघितल्या, सवतीचं तोंड बघितलं. पंगती उठल्या आणि आहेर सुरू झाला. आपल्याकडं आहेर काय गुपचूप देतात? माइक हातात घेऊन एक माणूस गावभर ऐकू जाईल असं नाव पुकारतो. तो पुकारत होता, आणि वास्तुशांत म्हणणारा एकेक जण पुढं येऊन नवरदेवाच्या खांद्यावर टॉवेल टाकत होता. दिपालीला आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या. सापडले! सगळे सापडले मेले!

"होटगीचे शहाजी गुंडा कोकरे यांच्याकडून नवरदेवाला टॉवेल-टोपीचा आहेर!"

तिनं ते मागं नेऊन परत ऐकलं. पडद्यावर तिचा दादा हसत पुढं आला, इंद्रजीतला टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला. टॉवेलाची निळी कड दिपालीनं स्वतःच्या हातानं दुमडलेली होती. त्या लग्नाआधीच्या दिवाळीला तिनंच अर्धा डझन टॉवेल दादाला दिले होते. तिला रडू आलं नाही. तीन खोटे ड्राइव्ह डोळ्यांपुढून गेले आणि अंगाचा नुसता जाळ झाला. इंद्रजीतवर इतका राग तिला कधी आला नव्हता. तो परक्याच्या पोटचा होता.

तिनं आधी वकीलबाईंना फोन केला, मग दादाला. काम झालं, बघायला ये, एवढंच सांगितलं. तो आल्यावर तिनं त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि नेमकी ती जागा लावली. माइकवर त्याचं नाव वाजलं. शहाजीनं पेला खाली ठेवला. मग तो गयावया करत बोलू लागला. भागी मोडलीच नव्हती, व्यापारात पैसा अडकला होता, गेलो नसतो तर तो बुडाला असता, आणि तू काय चार दिवसांत सगळं विसरशील असं वाटलं होतं.

"तेवढं माझं काप, दिपे," तो म्हणाला. "बाकी सगळं राहू दे."

"हितनं काही कापता येत न्हाय दादा. येत असतं तरी कापलं नसतं."

"आगं, मी तुझा सख्खा भाऊ न्हवं का?"

"व्हय की," दिपालीनं डिस्क काढून पाकिटात घातली. "मांडवात हुबा असलेला माणूस पायजे म्हणत हुत्या वकीलबाई. म्हणून तर साक्षीला पयलं नाव तुझंच दिलंय."