मी हाय पंपावर

दिनकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी डेअरीत दूध घालायला रांगेत उभा होतो. पलीकडून शशी बोलत होता, आमच्या फायर स्टेशनवरचा. "काका, दिनकरदा गेला," एवढंच म्हणाला. मागचा पावणा कॅन पुढं सरकवा म्हणून खेकसला तेव्हा भानावर आलो... आदल्याच रविवारी माझ्या सोप्यात बसून या माणसानं ताटभर भडंग संपवलं होतं आणि वर तिखट कमी पडलंय म्हणून माझ्या बायकोला ऐकवलंही होतं. तो झोपेतच गेला, हे काही मला अजून पुरतं पटलेलं नाही.

आम्ही दोघांनी कोल्हापुरात अग्निशमनच्या एकाच गाडीवर नोकरी काढली. मी पाईप धरून आत शिरणारा, तो गाडीचा ड्रायव्हर आणि पंपही तोच चालवायचा. लोकांना आत शिरणारा दिसतो. बाहेर गाडीशी उभं राहून पाण्याचा दाब सांभाळणारा माणूस त्यांना बघ्यांतलाच एक वाटतो. दिनकरनं त्यापायी किती शिव्या खाल्ल्या! जळत्या घरासमोर लोक त्याच्या अंगावर यायचे, उभा काय राहिलायस, आत जा की म्हणून. तो मान वर करायचा नाही. आत धुरात पाणी तुटलं तर पाईप धरणाऱ्याचं काही खरं नसतं, हे त्याला ठाऊक होतं. त्यात आमची गाडी जुनी आणि तिचा पंप मुलखाचा खोडील. लिव्हरवरचा हात जरा ढिला पडला की दाब उतरलाच. म्हणून आम्ही आत निघालो की दिनकर दर वेळी सांगायचा, "जावा तुम्ही, मी हाय पंपावर." ते ऐकल्याशिवाय आम्ही उंबरा ओलांडत नव्हतो. एकदा गडबडीत तो म्हणायचा राहिला, तर शशी दारातून माघारी आला आणि त्याच्याकडून म्हणवून घेऊन मगच आत गेला.

पूर्वी गाडीवर पंप जाणणारी दोन माणसं असायची. मग एकेक जण निवृत्त होत गेला, नवी भरती पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत राहूनच गेली आणि पंप एकट्या दिनकरच्या गळ्यात पडला. रजा मागायला गेला की, तू गेल्यावर गाडी कोण काढणार, हे ठरलेलं. त्याच्या एकुलत्या एक लेकीच्या, सुजाताच्या, लग्नात अक्षता पडल्या आणि हा पंगतीतून उठून थेट ड्युटीवर आला. वरिष्ठांशी मी भांडायचो. हा मात्र, मिळंल की माणूस, म्हणून हसायचा. माझं डोकंच फिरायचं.

आणि मग ती दुपार आली. उन्हाळ्याचे दिवस. दुसरी गाडी कागलच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या आगीवर गेलेली. स्टेशनात उरलो आम्ही तिघंच, दिनकर, शशी आणि मी. गडमुडशिंगीहून फोन आला. गोठ्यातला कडबा पेटलाय, शेजारचं घर धुरानं भरलंय, माडीवर सून अडकलीय. घराचं आडनाव ऐकलं आणि मी दिनकरकडं बघितलं. सुजाताचं सासर.

पोचल्यावर मी म्हणालो, "दिनू, तू जा आत. मी बघतो पंप."

त्यानं माझ्याकडं एकदाच पाहिलं. "तुला न्हाई जमायचं. बंद पडला तर तुम्हीबी जाशीला न् तीबी. जावा तुम्ही..." लिव्हरवर हात ठेवला आणि म्हणाला, "मी हाय पंपावर."

सुजाताला ओल्या घोंगड्यात गुंडाळून आम्ही खाली आणली. अंगणात तिनं डोळे उघडले आणि पहिलं काय पाहिलं, तर लिव्हर धरून गाडीशी उभा असलेला बाप. गोठा अजून जळत होता, शशी पाईप घेऊन पुन्हा आत वळला होता. दिनकर जागचा हलला नाही. ती त्याच्याकडं बघत राहिली आणि हा प्रेशरच्या काट्याकडं.

सासरच्यांनी बोलायचं ते बोलून घेतलं. सुजाता काहीच बोलली नाही, ते जास्त वाईट. माहेरी यायची, आईशी गप्पा मारायची, बापापुढं ताट ठेवून आत निघून जायची. शेवटी मी दिनकरला म्हणालो, मीच तिला समजावून सांगतो. त्यानं हात धरला माझा. "नको. बाप आला न्हाई, हे खरंच हाय की. त्यात काय सांगणार?" असा राग आला मला त्याचा! पण शब्द घेतला त्यानं, आणि तो असेपर्यंत मी पाळला.

उत्तरकार्य झाल्यावर सुजाता आपण होऊन माझ्याकडं आली. आप्पांची गाडी बघायची आहे म्हणाली. गाडी आता कामातून काढलेली, स्टेशनच्या मागं चिंचेखाली उभी असते. लिव्हरच्या मुठीवरचा रंग दिनकरच्या तळहातानं पार गेलाय. तिथं उभं राहून मी दिलेला शब्द मोडला आणि त्या दुपारचं सगळं तिला सांगितलं, तो काय म्हणाला तेही.

तिनं एकच विचारलं, "मी वर हुते तवर पाणी कधी तुटलं का, काका?"

"एकदाबी न्हाई, बाळ."

ती मुठीवर हात ठेवून उभी राहिली. शशी चहाला बोलवायला आला. नव्या गाडीचा पंप आता तो चालवतो. तोही एकटाच.

मी सुजाताला म्हटलं, चल, चहा घेऊ. तिनं मान वळवली नाही.

"तुम्ही जावा, काका. मी हाय हितं."

ते ऐकल्यावर आम्ही दोघं निघालो.