प्लग मी बदलले, शाबासकी नवऱ्याला

मैत्रिणींनो, पिंपळनेरला आईचा ताप उतरत नाहीये आणि आज सकाळी आमची गाडी धुळ्यात दारातच आचके द्यायला लागली. गॅरेजचा खर्च वाचवायला मीच बॉनेट उघडून इंजिनचे स्पार्क प्लग बदलायला घेतले.

शेजारचे नाना कंपाउंडवरून म्हणाले, "ताई, हाई बाईमाणूसनं काम नही शे."

मी शेवटचा प्लग घट्ट बसवला. काळ्या हातांनी चावी फिरवली, इंजिन सुरळीत! तेवढ्यात नवरा चहाचा कप घेऊन बाहेर आला. नाना त्यालाच म्हणाले, "वा भाऊ, भारी करी दिन्ही गाडी!"

आणि हा पठ्ठ्या बेशरमपणे म्हणतो, "काही नाही हो, फक्त प्लग गेले होते."

त्याला तिथेच सोडून मी एकटी आईकडे निघाले. राग नाही, किळस आली. तुम्ही काय केलं असतं?