देवाजवळ कोण बसणार

हेब्बाळच्या कंपनीत लागल्यावर आमच्या मुलाला जंगलात तंबूत झोपायची आवड लागली. घरी गादी आहे, हे त्याला सांगून झालं. एका हिवाळ्यात त्याने हुणसूरच्या पुढे, डोंगरातल्या कॅम्पला आम्हाला न्यायचं ठरवलं. तो, सून, माझे यजमान आणि मी.

अडचण विठोबाची आली. यजमानांचं म्हैसुरात नजरबादला शिवणाचं दुकान. विठोबाची आंघोळ आणि नैवेद्य झाल्याशिवाय ते सुईत दोरा ओवत नाहीत. घर बंद केल्यावर देवाचं कोण करणार? शेवटी बोटभर पितळी विठोबा अस्तराच्या कापडात गुंडाळून स्टीलच्या डब्यात घेतला. कॅम्पच्या राखणदाराने विचारलं, किती जण? मुलगा म्हणाला, चार. यजमान म्हणाले, पाच.

यजमानांनी तंबूची शिवण बघितली, "टाके लांब आहेत" म्हणाले, आणि मग वाकून आत शिरले. पहाटे काकडआरती. तंबूत जाळ करायचा नाही असं राखणदाराने बजावलं होतं, म्हणून त्यांनी बॅटरी पेटवून ओवाळली. तंबू आतून उजळलेला बघून राखणदार धावत आला. "स्वामी, काय झालं?"

"देव उठला," यजमान म्हणाले.

राखणदार आल्या पावली परत गेला.

मला तंबूमागच्या डोंगरावर जायचं होतं. आल्यापासून त्याच्याकडेच बघत होते. माथ्यावर एक सपाट खडक दिसत होता. तिथे बसलं की काय दिसत असेल, एवढंच मनात होतं. कुणाला बोलले नाही. बोलणं मला जमत नाही.

आजवर जिथे गेलो तिथे मी सामानाजवळ बसले आहे. सगळे झू बघायला गेले तेव्हा मी दारातल्या बाकावर पिशव्यांजवळ होते. तिथून हत्तीचा आवाज आला. हत्ती त्यांनी बघितला.

सकाळी वर जायला निघताना यजमान बुटांच्या नाड्या बांधत म्हणाले, "देवाला एकट्याला सोडून चालणार नाही. देवाजवळ कोण बसणार?"

तिघांनी माझ्याकडे बघितलं.

"आई, तुला कुठे चढवतंय?" मुलगा म्हणाला.

"सुम्ने, नुसती बस गं इथे," यजमान म्हणाले. "हवा गार आहे. काही करायचं नाही, काही नाही."

ते गेले. मी देवाजवळ बसले. डबा उघडला. विठोबा कमरेवर हात ठेवून उभा होता. देवाजवळ बसायला मला सांगितलं होतं. देव कुठे असावा, हे कुणी सांगितलं नव्हतं. मी त्याला पुन्हा अस्तरात गुंडाळलं, चंचीत घातलं, चंची कमरेला खोचली. तंबूची चेन अर्ध्यात अडकली. दोनदा ओढली, मग तशीच सोडली.

वाटेवरच्या झाडांना पांढरे पट्टे मारले होते, त्यामुळे कुणाला विचारावं लागलं नाही. हे बरं झालं. पानांवरून पाय घसरत होता. एका ठिकाणी हात टेकून चढावं लागलं, तेव्हा विठोबा पोटाला टोचला. बसत, उठत वर पोचले.

तिघे खडकावर शेंगदाणे खात बसले होते.

"अत्ते!" सून ओरडली. ती मला कन्नडातल्यासारखं अत्तेच म्हणते.

यजमान उठले. "अगं, देव?"

"आहे की."

मी चंची सोडली आणि विठोबा खडकावर ठेवला. यजमान ओरडणार होते, पण पायात बूट होते. ते आधी बूट काढायला बसले. नाड्या सुटायला वेळ लागला. तोवर राग थोडा उतरला असावा. त्यांनी हात जोडले.

मी खाली बघितलं. झाडंच झाडं, आणि तंबू शर्टाच्या बटणाएवढे. म्हैसूर कुठल्या बाजूला, ते मुलाने दाखवलं. दिसलं नाही. तरी त्या बाजूला बराच वेळ बघत बसले. कुणी उठवलं नाही.

खाली आलो तर आमच्या तंबूतून माकडं बाहेर येत होती. एकाकडे चिवड्याची पिशवी होती. दुसऱ्याने मुलाची टोपी घेतली होती.

यजमान माझ्याकडे वळले. "सामान उघडं टाकून आलीस?"

"तुम्ही देवाजवळ बसायला सांगितलंत," मी म्हणाले. "मी देवाजवळच होते."

सुनेने तोंड फिरवलं. तिचे खांदे हलत होते.

तेवढ्यात तिसरं माकड देवाचा डबा घेऊन बाहेर आलं. त्याने झाकण उघडलं, आत बघितलं, डबा टाकून दिला.

"रिकामा होता म्हणून बरं," यजमान म्हणाले, आणि डबा उचलायला गेले.